नवा प्रिंटर, जुना फॉक्सप्रो: हळदीची पट्टी छापायची कशी?

पेवकरी | सोमवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं आडत दुकान आहे. वडिलांनी १९९७ साली इथल्याच एका प्रोग्रॅमरकडून डॉसवर (विंडोजच्या आधीची सिस्टीम) चालणारा, फॉक्सप्रो २.६ या डेटाबेसच्या भाषेतला प्रोग्रॅम करून घेतला होता. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, मोटारभाडं, आधी दिलेली उचल, एवढं भरलं की एक बटण दाबायचं आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा छापील हिशोब, हातात. कार्बनवाला तीन प्रतींचा जोडकागद: पांढरी शेतकऱ्याला, गुलाबी आमच्या फायलीला, पिवळी दिवाणजींच्या हिशोबाला. तो प्रोग्रॅमर आता हयात नाही. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा बदलता येणारा मूळ मजकूर, कुणाकडेच नाही.

गेल्या महिन्यात कॉम्प्युटर गेला. दुरुस्तीवाल्याने दुसरा दिला. त्यावर ३२ बिटचं विंडोज १० टाकल्यामुळे प्रोग्रॅम उघडतो, जुना डेटाही सगळा दिसतो. पण प्रिंटरची ती जाड वायर जोडायचं २५ पिनांचं सॉकेट मागे नाहीच. तसा जुना डॉट मॅट्रिक्सही थकला होता. त्याच्या हेडची एक पिन मेली होती, प्रत्येक अक्षरातून आडवी पांढरी रेघ जायची. म्हणून यूएसबीवाला नवा लेझर प्रिंटर आणला. वर्डमधून सुरेख छापतो. फॉक्सप्रोतून छापायला गेलं की ‘प्रिंटर नॉट रेडी’.

हळदीचे सौदे भरात आहेत. शेतकरी काउंटरला उभा, बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवतोय आणि मी कार्बन घालून हाताने पट्टी लिहितोय. परवा एका काकांच्या पट्टीत उचल वजा करायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी काका स्वतःच परत आले, म्हणाले, ‘पैसं जास्त आल्यात, बघा.’ प्रत्येक वेळी असं निभावणार नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

नवीवही | सोमवार, सकाळी ९:४५

दादा, २९ वर्षं जुना प्रोग्रॅम, सोर्स कोड नाही, करणारा नाही. प्रिंटरवर पैसे घालण्यापेक्षा नवं सॉफ्टवेअर घ्या. आज प्रिंटर अडला, उद्या दुसरं काही अडेल.

कळफलक | सोमवार, सकाळी १०:२०

पेवकरी, मी पुण्यात प्रिंटर दुरुस्तीचं काम करतो. असे प्रोग्रॅम रोज बघतो. सॉफ्टवेअर बदलायचं का, ते नंतर बोलू. ऐन हंगामात कुणी ते बदलू नये. आधी पट्टी छापून निघू दे.

काय अडलंय ते नीट सांगतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या का करायच्या ते कळेल. विंडोजचा प्रोग्रॅम छापायला निघाला की तो विंडोजला सांगतो, विंडोज ड्रायव्हरला (त्या प्रिंटरचा दुभाष्या प्रोग्रॅम) सांगतं, आणि प्रिंटर कुठल्या वायरीला आहे हे प्रोग्रॅमला कळावंही लागत नाही. डॉसच्या काळात हा मधला माणूस नव्हता. तुमचा फॉक्सप्रो थेट एलपीटी१ नावाच्या दारावर जाऊन अक्षरं टाकतो. ‘हळद’ शब्दाचं चित्र टाकत नाही, अक्षरांचे आकडे टाकतो. अधूनमधून खुणेचे आकडे असतात. १५ आला की अक्षर बारीक करायचं, १८ आला की परत मोठं, १२ आला की पुढच्या पानावर जायचं. नव्या मशीनला एलपीटी१ हे दारच नाही. प्रोग्रॅम बंद दारावर थाप मारतोय.

दार उभं करून देता येतं. पायऱ्या अशा:

प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तो शेअर करा. शेअरचं नाव आखूड ठेवा, मधे जागा नको, समजा ‘पट्टी’. कॉम्प्युटरचं नाव बघून ठेवा, समजा ‘काउंटर’. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ द्या. इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना सगळं रोमन अक्षरांत:

नेट यूज एलपीटी१ \\काउंटर\पट्टी /पर्सिस्टंट:यस

यानंतर एलपीटी१ वर जे पडेल ते विंडोज उचलून त्या शेअर केलेल्या प्रिंटरकडे पाठवेल. ही जोडणी नेटवर्कच्या मार्गाने होते, म्हणून एकटाच कॉम्प्युटर असला तरी नेटवर्क चालू लागतं. वायफाय किंवा केबल काहीच नसेल तर विंडोजमधलाच लूपबॅक ॲडॉप्टर (नेटवर्क असल्याचं भासवणारी सोय) बसवून काम भागतं.

करा आणि जे दिसेल ते जसंच्या तसं इथे लिहा.

दोनप्रहर | सोमवार, सकाळी ११:०५

यूएसबीला पॅरलल जोडणारी वायर मिळते ना, जुन्या प्रिंटरला तीच लावली तर?

कळफलक | सोमवार, सकाळी ११:३०

दोनप्रहर, वायर मिळते, चालतेही. पण ती लावली म्हणून एलपीटी१ तयार होत नाही, इथेच बहुतेकांची फसगत होते. विंडोजला ती यूएसबी००१ नावाच्या पोर्टसारखी दिसते. त्या पोर्टवर ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ नावाचा प्रिंटर बसवायचा, तो शेअर करायचा आणि वरचीच ‘नेट यूज’ ओळ द्यायची. जुना प्रिंटर धडधाकट असता तर पेवकरींना मी हेच सांगितलं असतं. मेलेल्या पिनेला मात्र वायरीने जीव येत नाही.

पेवकरी | सोमवार, दुपारी १:१५

कळफलक काका, ओळ दिली. ‘सिस्टीम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड’ आलं. मग ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने प्रॉम्प्ट उघडून तीच ओळ दिली, ‘कमांड कम्प्लीटेड सक्सेसफुली’ आलं. फॉक्सप्रो उघडला तर परत ‘प्रिंटर नॉट रेडी’.

कळफलक | सोमवार, दुपारी २:००

नीट लिहिलंत, त्यामुळे दोन्ही गोष्टी समजल्या.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘पोर्ट्स’च्या खाली एलपीटी१ दिसतोय का बघा. बऱ्याच मदरबोर्डांवर पॅरलल पोर्टाचं सर्किट असतं, फक्त ते मागे सॉकेटपर्यंत आणलेलं नसतं. बाहेरून काही दिसत नाही, पण विंडोजच्या लेखी दार आहे. म्हणून साध्या युजरला ते दुसरीकडे वळवू देत नाही. त्या एलपीटी१ वर उजवी टिचकी मारून ‘डिसेबल’ करा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंग) पॅरलल पोर्ट बंद करता आला तर त्याहून चांगलं.

दुसरी गोष्ट. ॲडमिनिस्ट्रेटरच्या प्रॉम्प्टमध्ये केलेली जोडणी त्याच्यापुरतीच राहते. तुमचा फॉक्सप्रो साध्या युजरच्या खात्यात उघडतो, त्याला ती दिसतच नाही. म्हणून पोर्ट बंद केल्यावर साधा प्रॉम्प्ट उघडा आणि ओळ पुन्हा द्या.

पेवकरी | सोमवार, संध्याकाळी ७:४०

पोर्ट्सच्या खाली एलपीटी१ होता! बंद केला. साध्या प्रॉम्प्टमध्ये ओळ दिली, लगेच चालली. ‘नॉट रेडी’ आता येत नाही. पट्टी पाठवली की लेझरचा हिरवा दिवा चार-पाच वेळा लुकलुकतो, आतला रोलर जरा फिरतो आणि परत शांत. कागद काही येत नाही. दहा पट्ट्या पाठवून बघितल्या. विंडोजच्या रांगेत काही अडकलेलं नाही, म्हणजे गेल्या म्हणायच्या. पण कुठे गेल्या?

कळफलक | सोमवार, रात्री ९:१५

प्रिंटरपर्यंत पोचल्या आणि त्याने टाकून दिल्या.

ही खात्री करून घ्या: नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून फाइल ठेवा आणि कमांड प्रॉम्प्टमधून ‘कॉपी’ कमांडने ती एलपीटी१ वर पाठवा. दिवा लुकलुकून थांबला तर प्रिंटरवरचं पान पुढे ढकलायचं बटण दाबा. पान बाहेर आलं आणि त्यावर दोन ओळी असतील तर तुमच्या प्रिंटरला साधी अक्षरं कळतात, फक्त ‘पान संपलं’ हे कुणी सांगितलेलं नव्हतं. काहीच आलं नाही तर त्याला अक्षरं कळत नाहीत.

घर-दुकानासाठीचे बरेच स्वस्त लेझर प्रिंटर ‘होस्ट बेस्ड’ असतात, काही ठिकाणी जीडीआय लिहितात. पानाचं अख्खं चित्र कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर तयार करतो, प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. वर्डमधून छापताना ड्रायव्हर मधे असतो, म्हणून सुरेख येतं. ‘नेट यूज’ने गेलेला मजकूर ड्रायव्हरला वळसा घालून कच्चाच जातो. त्या प्रिंटरला १२, १५, १८ या खुणा म्हणजे काय ते माहीत नाही. मशीन बिघडलेलं नाही, ते वेगळी भाषा बोलतं.

म्हणून कुणी जुन्या प्रोग्रॅमसाठी प्रिंटर विचारला की मी वायर कुठली हे शेवटी बघतो. आधी भाषा बघतो. माहितीपत्रकात ‘ईएससी/पी’ (एप्सनची भाषा) किंवा ‘आयबीएम’ इम्युलेशन, म्हणजे ती भाषा समजायची सोय, लिहिलेलं असेल तर डॉसच्या प्रोग्रॅमशी त्याचं जमतं. पीसीएल ५ ही लेझरवाल्यांची भाषा असेल तर साधी अक्षरं छापेल, पण बारीक-मोठ्या अक्षराचे आणि पानाच्या लांबीचे कोड वेगळे असतात, प्रोग्रॅममध्ये ते घालायची सोय लागते. तुमच्याकडे सोर्स कोड नाही.

आणि भाऊ, तीन प्रतींचा कार्बन कागद लेझरमध्ये उमटणारच नाही. कार्बनला ठोका लागतो. लेझर तीन वेगळी पानं काढेल, पण शेतकऱ्यासमोर एका ठोक्यात निघालेल्या तीन प्रती ही वेगळीच गोष्ट आहे.

सुंठसाखर | मंगळवार, सकाळी ८:३०

आमचं औषधांचं दुकान आहे. डॉसच्या बिलिंगला आम्ही तीन इंची थर्मल प्रिंटर लावला होता. छापतो, पण ८० अक्षरांची ओळ ४८ ला तुटून खाली येते, रकाने सगळे विस्कटतात. शिवाय तो कागद पुसट होतो. गिऱ्हाइकाच्या बिलाला चालून जाईल, पण शेतकऱ्याने कपाटात जपून ठेवायच्या पट्टीला नको. भाषाही सारखी वाटते पण सारखी नाही. थर्मलची ‘ईएससी/पॉस’, काही खुणा जुळतात, काही भलतंच करतात.

रोजमेळ | मंगळवार, सकाळी ११:००

मी एका पतसंस्थेत हिशोब बघते. आमचं प्रकरण जरा वेगळं होतं, पण हा धागा शोधत कुणी येईल म्हणून लिहून ठेवते.

आमचा प्रोग्रॅम डॉसचा नाही, व्हिज्युअल फॉक्सप्रोचा. म्हणजे विंडोजचाच, ड्रायव्हरशी बोलणारा. तरी नवा प्रिंटर लावल्यावर ठेवपावत्या उजवीकडून कापल्या जायच्या आणि व्याजाचा तक्ता आडवा यायचा तो उभा यायला लागला. ड्रायव्हरमध्ये काहीही बदला, प्रोग्रॅम ऐकेना. आठवडाभर सगळ्यांनी प्रिंटरला दोष दिला. दोष रिपोर्टाच्या फायलीत होता. फॉक्सप्रोचा रिपोर्ट ‘एफआरएक्स’ नावाच्या फायलीत असतो आणि ती फाइल म्हणजे एक टेबलच. तिच्या पहिल्या ओळीत ‘एक्सप्र’, ‘टॅग’ आणि ‘टॅग२’ या रकान्यांत, रिपोर्ट ज्या मशीनवर बनवला तिथल्या प्रिंटरचं नाव, कागदाचं माप, आडवा की उभा, हे सगळं साठवलेलं असतं. आमच्या फायलीत कुठल्या काळी विकून टाकलेल्या प्रिंटरचं नाव निघालं. ‘टॅग’ आणि ‘टॅग२’ रिकामे केले, ‘एक्सप्र’मध्ये फक्त ओरिएंटेशनची ओळ ठेवली, बाकीची काढली. रिपोर्ट निमूटपणे विंडोजचा डिफॉल्ट प्रिंटर घ्यायला लागला.

आधी फायलीची प्रत काढून ठेवा, ही विनंती. आणि रिपोर्ट जर ईएक्सईच्या, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या फायलीच्या, आतच बांधलेला असेल तर हे बाहेरून करता येत नाही, सोर्स असलेला माणूसच लागतो.

पेवकरी दादा, आमच्या पासबुकाला आणि तुमच्या पट्टीला ठोक्याचाच प्रिंटर हवा. तो जुनाट म्हणून आम्हालाही बरेच जण टाकायला सांगत होते, पण पासबुक लेझरमध्ये घालता येत नाही.

पेवकरी | मंगळवार, दुपारी १२:१०

नोटपॅडची फाइल पाठवून बघितली. बटण दाबलं, कागद नाही. म्हणजे लेझरचा विषय संपला, तो पत्रं आणि दाखल्यांपुरता राहू दे.

डॉट मॅट्रिक्स घ्यायचा तर कुठला? आणि अजून मिळतात का?

कळफलक | मंगळवार, दुपारी १:००

मिळतात, नवे मिळतात. एप्सन एलएक्स-३१० बघा: ९ पिनांचा, ८० रकान्यांचा, मूळ धरून पाच प्रती काढतो, आणि त्याला यूएसबी, पॅरलल, सीरियल तिन्ही सॉकेटं आहेत. टीव्हीएसच्या एमएसपी मालिकेतही ८० रकान्यांचे आहेत. तुमची पट्टी ८० रकान्यांतच बसते ना? प्रोग्रॅमचा खतावणीचा रिपोर्ट १३२ रकान्यांचा असेल तर तोही ८० रकान्यांच्या प्रिंटरवर बारीक अक्षरात बसतो. त्या १५ आकड्याने ओळीत १३७ अक्षरं मावतात.

जोडताना यूएसबीने जोडा, शेअर करा, जुनी ‘नेट यूज’ काढून नवी द्या. काढायची ओळ: नेट यूज एलपीटी१ /डिलीट.

आडवाट | मंगळवार, रात्री १०:३०

चर्चा छान चाललीय. एक पुढची गोष्ट सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ हे ३२ बिटमध्ये नाहीच. ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचा प्रोग्रॅम थेट उघडत नाही. पेवकरींचा आत्ताचा कॉम्प्युटर आहे तोवर चालेल, पण पुढचा घेताना हे आडवं येईल. तोवर हे मशीन इंटरनेटपासून लांब ठेवा, मेल आणि बँकेचं काम त्यावर करू नका.

तेव्हाचा मार्ग म्हणजे ६४ बिटच्या विंडोजमध्ये डॉसचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. साधा डॉसबॉक्स खेळांसाठी बनलाय, छापायची सोय त्यात नाही. डॉसबॉक्स-एक्स आणि व्हीडॉसप्लस यांत ती आहे. डॉसबॉक्स-एक्समध्ये चक्क एक आभासी एप्सन प्रिंटर आहे. प्रोग्रॅमने पाठवलेले कोड तो समजून घेतो आणि पान विंडोजच्या कुठल्याही प्रिंटरवर किंवा चित्राच्या फायलीत काढून देतो. म्हणजे तुमचा तो लेझरही चालेल, कार्बन सोडून. एकाच डेटावर दोन-तीन कॉम्प्युटर काम करत असतील तर मात्र फाइल आणि रेकॉर्ड लॉकिंग नीट चालतंय ना, हे डेटाच्या प्रतीवर तपासल्याशिवाय खऱ्या हिशोबाला हात लावू नका. दोघांनी एकाच वेळी एकाच खात्यात लिहिलं तर काय होतं, ते मी बघितलंय.

नवीवही | बुधवार, सकाळी ९:००

हेच तर मी म्हणत होतो. सोंगावर सोंग चढवत किती दिवस? ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागू झालं. त्याचा क्यूआर कोड १९९७ चा प्रोग्रॅम कुठून छापणार? जुन्यावर जीव असतो हे मान्य. पण डेटा आत अडकून पडण्याआधी बाहेर काढा.

कळफलक | बुधवार, सकाळी १०:१०

नवीवही, डेटा बाहेर काढण्याबद्दल पूर्ण सहमत. आणि ते अवघड नाही. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडतात. पेवकरी, आजच अख्ख्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि ती प्रत घरी न्या. कॅल्कमध्ये उघडायचं ते प्रतीतलं, मूळ फाइल चुकूनही तिथे उघडून सेव्ह करू नका. तसं केलं तर इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) आणि डेटा जुळत नाही आणि प्रोग्रॅम रुसतो.

पण सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे नुसता डेटा हलवणं नाही. कडता (वजनातली कपात) किती धरायचा, मोटारभाडं कुणाकडून कापायचं, उचलीवर व्याज कसं लावायचं, हे त्या गृहस्थांनी दुकानात बसून शिकून घेतलं आणि प्रोग्रॅममध्ये घातलं. ते सगळं लिहून काढल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. ते काम हंगाम संपल्यावर शांतपणे करायचं. तोवर पट्टी छापलीच पाहिजे.

पेवकरी | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

नवा प्रिंटर मागवायला दोन-तीन दिवस जाणार होते. आमच्या मावसभावाच्या खतांच्या दुकानात एलएक्स-३१० पडून होता, तो उचलून आणला. जोडला, शेअर केला, ‘नेट यूज’ दिली. पट्टी आली! कर्रकर्र आवाज ऐकून बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले.

पण दोन गोष्टी विचित्र होतायत. एक: पट्टीवर जिथे चौकटीच्या रेघा असायच्या तिथे तिरकी इंग्रजी अक्षरं येतायत. आडव्या रेघेच्या जागी ‘डी’ ‘डी’ ‘डी’ ‘डी’ अशी ओळभर, उभ्या रेघेच्या जागी तिरका तीनचा आकडा. नावं, वजन, रक्कम सगळं बरोबर. दोन: प्रत्येक पट्टीनंतर एक कोरी पट्टी सुटतेय. आमचा जोडकागद सहा इंची आहे. आज तीस-पस्तीस कागद वाया गेले.

कळफलक | गुरुवार, रात्री ८:००

दोन्हीचं उत्तर प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आहे. विंडोजमध्ये शोधू नका.

तिरक्या ‘डी’चं कारण बघण्यासारखं आहे. अक्षरांच्या तक्त्यात ० ते १२७ या जागा सगळीकडे सारख्या. १२८ च्या पुढे एप्सनच्या प्रिंटरात वेगवेगळे तक्ते असतात: एकात चौकटीच्या रेघा आणि चिन्हं, त्याला पीसी४३७ म्हणतात, आणि दुसऱ्यात पहिलीच अक्षरं तिरकी करून भरलेली, तो इटॅलिक तक्ता. तुमचा प्रोग्रॅम आडव्या रेघेसाठी १९६ पाठवतो. इटॅलिक तक्त्यात १९६ म्हणजे १२८ अधिक ६८, आणि ६८ म्हणजे इंग्रजी ‘डी’. उभी रेघ १७९, त्यातून १२८ गेले की ५१, म्हणजे तीनचा आकडा. प्रोग्रॅम आणि प्रिंटर दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त तक्ता दुसरा निवडलेला आहे. कॅरॅक्टर टेबल ‘इटॅलिक’ काढून ‘पीसी४३७’ करा.

कोऱ्या पट्टीचं असं: प्रोग्रॅम पट्टी संपली की १२ हा आकडा पाठवतो, म्हणजे पुढच्या पानाच्या सुरुवातीला जा. प्रिंटरला वाटतंय पान बारा इंची आहे, म्हणून तो दोन पट्ट्या ओलांडतो. पेज लेंग्थ सहा इंच करा. इंचाला सहा ओळी धरल्या तर ३६ ओळींचं पान. ‘स्किप ओव्हर परफोरेशन’ चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर छिद्रांच्या रेघेपाशी तो एक इंच सोडून देईल आणि बेरजेची ओळ पुढच्या पट्टीवर जाईल.

माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे डिफॉल्ट सेटिंगचा कागद प्रिंटरमधूनच छापून घ्या. आत्ता काय निवडलंय ते त्यावर येतं. बदल झाल्यावर प्रिंटर बंद करा, कागदाची सुरुवात टेअर-ऑफच्या, म्हणजे कागद फाडायच्या, कडेला लावा, मगच चालू करा. चालू करताना कागद जिथे असतो तीच तो पानाची सुरुवात धरतो.

रोजमेळ | गुरुवार, रात्री ९:३०

आणि बदललेल्या सेटिंगचा तो कागद जपून ठेवा दादा. आमच्याकडे लाइट जाऊन आल्यावर कुणीतरी बटणं दाबली होती, तेव्हा तोच कामी आला. एक आणखी: तीन प्रतींना हेड आणि कागदातलं अंतर ठेवायचा खटका असतो, तो जाडीप्रमाणे सरकवा. एका कागदाच्या खुणेवर ठेवलात तर रिबन घासून पट्टी काळी होते, फारच लांब ठेवलात तर तिसरी प्रत फिकी येते.

पेवकरी | शनिवार, दुपारी ३:५०

काल सकाळी सेटिंगचा कागद छापून पाहिला. कॅरॅक्टर टेबल इटॅलिक, पेज लेंग्थ १२ इंच, स्किप ‘ऑन’. तिन्ही गोष्टी काकांनी सांगितल्या तशाच. बदलल्या. खटका दोन घरं पुढे घेतला.

काल ४१ पट्ट्या निघाल्या, एकही कागद वाया गेला नाही. चौकटीच्या रेघा पूर्वीसारख्या सलग. सकाळी मशीन सुरू केल्यावर एकदा ‘नॉट रेडी’ आलं. बघितलं तर राउटर बंद होता, तो लावल्यावर गेलं. लूपबॅक ॲडॉप्टर रविवारी बसवतो. फोल्डरच्या दोन प्रती काढल्या, एक घरी, एक बहिणीकडे मिरजेला. नवीवही, तुमचं म्हणणं विसरलेलो नाही. बाबांच्या शेजारी वही घेऊन बसलोय, उचलीचं व्याज आणि कडता कसा धरायचा ते रोज थोडं थोडं लिहून घेतोय. पाच पानं झाली. यातल्या कितीतरी गोष्टी मला आजवर माहीतच नव्हत्या.

सेटिंगचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून प्रिंटरच्या वरच भिंतीला लावलाय. आणि कळफलक काका, पहिली पट्टी त्या परत आलेल्या काकांचीच पुन्हा छापली, उचल वजा करून. काका समोर उभे होते. बाबांनी तिन्ही प्रती सुट्ट्या केल्या, पांढरी त्यांच्या हातात दिली, आणि पिवळी खिडकीपाशी उजेडात धरून शेवटचा आकडा मोठ्याने वाचला.